४३ अंडी, १२ जागा

सरडा दिसला की आपल्याकडच्या पोरांचा हात आधी दगडाकडे जातो. कोकणात बालपण गेलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. कुंपणावर लाल गळ्याचा सरडा माना हलवताना दिसायचा अवकाश, मदरशातून सुटलेली पोरं त्याच्या मागे. का मारता म्हणून विचारलं तर उत्तर तयार: हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम यांच्यासाठी पेटवलेल्या आगीत यानं फुंकर घातली होती. त्यामुळे बर्मिंगहॅमच्या आमच्या घरात एक शॅमेलिऑन आहे, आणि तिच्या अंड्यांतून आम्ही पिल्लं काढली, हे गावी कळलं तेव्हा फोनवर पहिला प्रश्न आला तो दादींबद्दल. "त्या कशा राहतात त्या घरात?"

हा लेख आम्ही नवरा-बायको मिळून लिहीत आहोत. दादी म्हणजे आमच्यापैकी एकाची आई, दुसरीची सासू. मूळच्या म्हसळ्याकडच्या, इंग्लंडला आल्या १९७३ साली. शॅमेलिऑन घरात आल्यावर पहिले पाच महिने त्यांनी त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही, हे खरं आहे.

ती आली २०२२ च्या ऑक्टोबरात. शेजारी राहणारा एक विद्यार्थी शहर सोडून चालला होता आणि त्याच्या नव्या घरमालकाला प्राणी नको होते. आमचा थोरला तेव्हा तेरा वर्षांचा. त्या मुलाकडे रोज जाऊन बसायचा. पिंजरा, दिवे, कुंडीतलं झाड आणि साताठ महिन्यांची मादी असा सगळा संसार एका संध्याकाळी आमच्या दारात उतरला. धाकटीनं तिला 'बीबी' म्हणायला सुरुवात केली, तेच नाव राहिलं.

आपल्या कोकणात जो घोयरा सरडा सापडतो त्याची ही परदेशी बहीण. तसेच दोन बाजूंना वेगवेगळे फिरणारे डोळे, तशीच गुंडाळलेली शेपटी, तशीच अंगापेक्षा लांब जीभ. इंग्रजीत या जातीला 'व्हेल्ड शॅमेलिऑन' म्हणतात, म्हणजे बुरखेवाली म्हणा हवं तर, कारण डोक्यावर माशाच्या परासारखा उंच तुरा असतो. मूळ वस्ती येमेन आणि सौदी अरबस्तानच्या नैऋत्येचे डोंगर. थोरल्यानं हे वाचून दाखवलं तेव्हा दादी बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या, "म्हणजे आपल्याच गावची." आपले पूर्वज अरबस्तानातून गलबतांनी आले, असं कोकणी घरांत सांगतात ना, त्यावरचा हा टोमणा.

आगीची गोष्ट मात्र टोमण्यावर सुटणारी नव्हती. आम्ही मशिदीतल्या आलिमसाहेबांना विचारलं. त्यांनी सांगितलं की हदीसमध्ये शब्द आहे तो वझग, म्हणजे भिंतीवर फिरणारी पाल. शॅमेलिऑनला अरबीत हिरबा म्हणतात, तो प्राणी वेगळा. पाळण्याबद्दल विचारल्यावर त्यांनी अबू उमैर या लहान मुलाच्या पाखराची आठवण दिली, आणि लगेच मांजराला उपाशी बांधून ठेवणाऱ्या बाईचीही. "एक ऐकून दुसरं विसरायचं नाही," एवढंच म्हणाले. दादींनी हे ऐकून घेतलं आणि स्वतःची एक अट घातली: तिला हात लावला की साबणानं हात धुवायचे, कपड्याला घाण लागली तर कपडा बदलूनच नमाजला उभं राहायचं. अट रास्त होती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. डॉक्टरही हेच सांगतात.

भारतातल्या वाचकांना एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आपला घोयरा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. तो पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. परदेशी जात असली तरी २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर तिची नोंद करावी लागते, पिल्लं झाली तर त्यांचीही. इंग्लंडमध्ये ही जात पाळायला परवाना लागत नाही, पण विक्रीचा धंदा करायचा तर कौन्सिलचा परवाना हवा. त्यामुळे हा लेख वाचून कुणी कुंपणावरचा घोयरा घरात आणू नये. तो जिथे आहे तिथे बरा आहे. त्याच्या अंगात विषही नाही.

दादी त्या खोलीत कशा आल्या ते सांगतो. २०२३ च्या मार्चमध्ये बीबीनं खाणं सोडलं. एरवी फांदीवरून न हलणारी ती पिंजऱ्याच्या तळाशी उतरून कोपरे खरवडायला लागली. थोरला घाबरला. ज्या दुकानातून त्या विद्यार्थ्यानं तिला आणलं होतं, तिथे त्याला सांगितलं होतं की नर नसेल तर अंड्यांची काळजी नको. थोरला तेच धरून बसला होता. आमचं बोलणं दादींच्या कानावर पडलं. दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "कोंबडीला अंडं घालायला कोंबडा लागतो का?"

आम्ही गप्प झालो. खरंच आहे. या जातीच्या माद्याही नराशिवाय अंडी घालतात. अंडी घालायला त्यांना ओली, खोल माती लागते. ती मिळाली नाही तर मादी अंडी पोटातच धरून ठेवते आणि त्यातच मरते. पाळलेल्या कितीतरी माद्या अशाच जातात, आणि पाळणाऱ्याला वाटतं काहीतरी आजार झाला.

त्याच दुपारी मोठी बादली आणली. तिच्यात फूटभर धुतलेली वाळू आणि थोडी माती, अशी ओली की बोगदा खणला तर ढासळणार नाही. बीबी उतरली, खणायला लागली, आणि धाकटी वाकून बघायला गेली तशी थांबली. खणताना कुणी बघतंय असं वाटलं तर ही जात काम अर्धवट सोडून देते. दादींनी आत जाऊन कपाटातली जुनी चादर आणली आणि पिंजऱ्याभोवती लावली. "बाळंतिणीकडे टक लावून बघू नये," म्हणाल्या. त्या दोन दिवसांत घरात सगळ्यांनी पाय न वाजवता चालायचं असा हुकूम होता. दादींच्या आवाजातला तो हुकूम आम्ही धाकटीच्या जन्मानंतर प्रथमच ऐकत होतो.

त्या वेळी २७ अंडी निघाली. नराशिवायची, त्यामुळे पोकळ. चार-सहा दिवसांत पिवळी पडून बसली. बीबी धुळीनं माखलेली, बरगड्या दिसत असलेली वर आली आणि पानांवर फवारलेलं पाणी कितीतरी वेळ पीत राहिली. ही जात वाटीतलं पाणी ओळखत नाही. पानावरचा थेंब हलला तरच तिला ते पाणी वाटतं.

पुढच्या हिवाळ्यात थोरल्यानं पिल्लांचा विषय काढला. घरात बरेच दिवस वाद चालला. अंडी तर ती तशीही घालणारच, मग निदान एकदा खरी होऊ देत, हे त्याचं म्हणणं. आमचं म्हणणं वेगळं होतं. शॅमेलिऑन एकटा राहणारा प्राणी. पिल्लं दोन-तीन महिन्यांची झाली की प्रत्येकाला वेगळा पिंजरा लागतो, वेगळा दिवा लागतो. पिल्लू स्वस्त, संसार महाग. म्हणून तर लोक हौसेनं घेतात आणि वर्षाच्या आत कुणाच्या तरी गळ्यात घालतात. आमच्याही दारात ती तशीच आली होती. शेवटी ठरलं की आधी घरं शोधायची, जितकी पक्की घरं तितकीच पिल्लं. पैसे घ्यायचे नाहीत. अशा जिवांच्या विक्रीबद्दल आलिमांची मतं वेगवेगळी आहेत, त्या वादात आम्हाला शिरायचं नव्हतं.

घरं शोधायला थोरल्याला दोन महिने लागले. शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाई, लेस्टरचे एक निवृत्त गृहस्थ ज्यांच्याकडे नर होता, त्यांचे तीन-चार ओळखीचे, आमचे दोन नातेवाईक. पिंजरा आणि दिवे आधी घेऊन त्याचा फोटो पाठवा, अशी त्याची अट होती. या अटीनंच निम्मे गळले. यादी बारावर थांबली.

जानेवारीच्या शेवटी लेस्टरचा नर पाहुणा आला. या बाबतीत शॅमेलिऑनचे रंग फार कामाचे. लोक समजतात की तो मागच्या पानासारखा दिसावा म्हणून रंग बदलतो. खरं तर मन:स्थिती, ऊन-थंडी आणि समोरच्याला द्यायचा निरोप, या गोष्टींसाठी तो रंग जास्त वापरतो. मादीला स्थळ पसंत नसेल तर ती काळपट पडते, तोंड वासून फुसकारते. मग नराला तिथून काढायचं, दुसरा विचार करायचा नाही. पसंत असेल तर हिरवीच राहते आणि अंगावर फिकट निळे ठिपके उमटतात. बीबीच्या खांद्यावर निळे ठिपके होते. दोन दिवसांनी ती गडद हिरवी-काळी झाली, त्यावर पिवळे-निळे डाग. म्हणजे काम झालं, आता कुणी जवळ येऊ नका.

२४ फेब्रुवारी २०२४ ला, शब-ए-बरातच्या आदल्या दिवशी, ती बादलीतून वर आली. चादर लावलेलीच होती. संध्याकाळी थोरल्यानं चमच्यानं वाळू बाजूला करायला घेतली. मोठ्या शेंगदाण्याएवढी, पांढरी, कातड्यासारख्या मऊ सालीची अंडी. दहा, वीस, तीस. धाकटी मोठ्यानं मोजत होती आणि तिसापुढे तिचा आवाज बारीक होत गेला. एकूण ४३.

यादीत १२ घरं.

उरलेल्या ३१ अंड्यांचं काय करायचं हे आधीच ठरलं होतं. ज्या दिवशी घातली त्याच दिवशी ती फ्रीझरमध्ये ठेवायची. त्या वेळी आत जीव म्हणावा असं काही आकाराला आलेलं नसतं. या जातीचा गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत अंड्याबाहेर येतो आणि पुढे दीड-दोन महिने तसाच थांबून राहतो. हे सगळं थोरल्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी तो हातात चमचा धरून बसून राहिला. "पण बारा कुठली?" म्हणाला.

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पक्की घरं बारा, हे गणित करणं सोपं होतं. समोर ४३ सारखी अंडी आणि त्यातली कुठली, हा प्रश्न कुठल्याही गणितात बसत नव्हता. दादी म्हणाल्या, आम्ही खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायचो तेव्हा भरीव, स्वच्छ, गोल अशी वेचून ठेवायचो, बाकीची रांधायचो, दुसऱ्यांदा बघायचो नाही. थोरल्यानं एकेक अंडं टॉर्चसमोर धरून पाहिलं. सगळी भरीव, सगळी स्वच्छ.

त्यानं विचारलं, "आपण ठरवायचं का हे?"

आमच्यापैकी एकानं त्याला तेव्हा जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. जंगलात तिनं ही अंडी घातली असती तर त्यातली किती जगायची, कुणी काय खायचं, हे अल्लाह आणि ती यांच्यात राहिलं असतं. रिझ्क देणारा तोच आहे. पण पिंजरा आला की तिच्या आणि तिच्या रिझ्कच्या मध्ये आपण उभे राहतो. किडा आपण दिला तर तिला मिळतो. म्हणून मोजायचंही आपल्यालाच. ४३ पिल्लं काढून अल्लाह देईल म्हणणं हा तवक्कुल नाही. उंट न बांधता देईल म्हणण्यासारखं आहे ते.

त्याचं समाधान झालं असं नाही. त्यानं निवडलं मात्र नाही. वाळूतून ज्या क्रमानं निघाली त्या क्रमानं पहिली बारा घेतली, म्हणजे तिनं सर्वांत शेवटी घातलेली. बाकीची दोन पिशव्यांत गुंडाळून गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये गेली. स्वयंपाकघरातला फ्रीझर तेव्हा रमजानच्या समोशांनी भरलेला होता आणि त्यांच्या शेजारी ती ठेवायला दादींची सक्त मनाई.

उबवण्याचं काम मनाला जितकं जड, हाताला तितकं सोपं. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात व्हर्मिक्युलाइट नावाची हलकी खनिज भुकटी, पाणी तिच्या वजनाइतकंच. मुठीत दाबली तर थेंब पडता कामा नये. प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण, आणि खूण कायम वर. कोंबडी आपली अंडी दिवसातून कितीतरी वेळा फिरवते. ही अंडी फिरवली तर आतला गर्भ मरतो. दादींना हे पटायला वेळ लागला. डबा थर्मोस्टॅट लावलेल्या थर्मोकोलच्या पेटीत, २७ अंशांच्या आसपास. आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा खेळवायची. बाकी काही नाही. बाकी काही न करणं हेच अवघड. कोंबडीचे २१ दिवस, बदकाचे २८. इथे सहा ते नऊ महिने.

रमजान गेला, ईद गेली. थोरला मधूनमधून अंधारात टॉर्च लावून बघायचा, आत नुसता पिवळा उजेड. बकरी ईदच्या सुमारास एका अंड्यात लालसर वर्तुळ आणि केसासारख्या शिरा दिसल्या. अंडी पाणी शोषून फुगली होती, जवळजवळ दुप्पट. एकाला बुरशी धरली, ते काढून टाकलं. अकरा राहिली.

जूनमध्ये बीबी पुन्हा तळाशी उतरली. नर जानेवारीनंतर घरात आलाच नव्हता. पण ही मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवू शकते, पुढची अंडीही त्यावर भरतात. हे थोरल्याला माहीत होतं. म्हणून अंडी घातल्यापासून तिचा खुराक त्यानं एक दिवसाआड केला होता, दिव्याची आचही थोडी कमी. भरपूर खाणं आणि जास्त ऊब मिळाली की अंडी वाढत जातात आणि मादीचं आयुष्य आटत जातं. या वेळी २२ निघाली. यादीत नवीन घर एकही नव्हतं. थोरल्यानं त्याच संध्याकाळी सगळी स्वतः फ्रीझरमध्ये ठेवली आणि मगरिबला आला. आम्ही काही विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही.

१७ सप्टेंबर, २०६ वा दिवस. रबीउल अव्वल चालू होता. डब्यात तीन अंड्यांवर घामासारखे थेंब. दुसऱ्या दिवशी एका अंड्याच्या टोकाला चांदणीसारखी चीर, आणि त्यातून सुईच्या नाकाएवढी नाकपुडी. नाकाच्या टोकावरच्या बारीक दातानं पिल्लू साल कापतं आणि मग तसंच, डोकं बाहेर काढून, दिवसभर पडून राहतं. पोटात उरलेला बलक शोषून घेत असतं. या वेळी ओढून काढायचं नाही. धाकटीला हा दिवस फार लांब गेला. दादी मात्र खुर्ची घेऊन पेटीसमोर बसल्या, तसबीह हातात, आणि अंगठ्याच्या पेराएवढं पहिलं पिल्लू बाहेर येऊन, शेपटी गुंडाळून, एक डोळा वर आणि एक डोळा त्यांच्याकडे फिरवून काडीवर चढलं, तेव्हा "सुब्हानल्लाह" म्हणाल्या आणि कितीतरी वेळ तिथून उठल्या नाहीत.

आठवड्याभरात नऊ निघाली. दोन अंड्यांत पिल्लं पूर्ण तयार होती, पण बाहेर आली नाहीत. ती थोरल्यानं बागेत पुरली. नर-मादी पहिल्याच दिवशी कळते: नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर बारीक खुंटी असते. पाच नर, चार माद्या.

पुढचे तीन महिने या लेखाला शोभणार नाहीत. फळमाश्यांच्या बाटल्या, केळ्याचा आंबूस वास, मोहरीएवढे रातकिडे पडद्याच्या मागे ओरडताहेत (मोठे झाले तेव्हा), दर दोन तासांनी फवारा, प्रत्येक किड्यावर कॅल्शियमची पूड. कॅल्शियम आणि दिव्यातला यूव्हीबी प्रकाश नसेल तर पिल्लांची हाडं मऊ पडतात. तिसऱ्या आठवड्यात एक मादी गेली. का गेली ते कळलं नाही. बारा घरांपैकी दोघांनी ऐन वेळी नाही म्हटलं. पण आठच पिल्लं होती, त्यामुळे कुणाला नकार द्यावा लागला तर उलट दोघांना.

डिसेंबरच्या शेवटापर्यंत सात गेली. प्रत्येक खोका नेताना दादींची एकच सूचना: गाडी आधी गरम करा, मग खोका बाहेर काढा. एक थोरल्यानं आणि आम्ही लेस्टरला पोचवलं. त्या गृहस्थांनी बापाच्या शेजारचा पिंजरा मध्ये पडदा लावून तयार ठेवला होता, कारण नराला नर दिसला की दोघंही खाणं सोडतात.

राहिली एक मादी. ठरलेल्या घरातल्या मुलाला दमा निघाला, त्यांनी कळवलं, आम्ही ठेवून घेतली. सकाळचा पहिला फवारा फजरनंतर दादी मारतात. नर नसला तरी लवकरच तिलाही अंडी येतील, म्हणून दुसरी बादली आणली आहे, वाळू धुऊन गॅरेजमध्ये वाळत टाकली आहे. चादर दादींच्या कपाटात आहे.